"मॅडम, वारीवर काही मटेरियलच नाहीये": लायब्ररीत सोर्स शोधतात कसे?

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये हे वाक्य मी कमीत कमी दहा वेळा ऐकते. मी कॉलेजच्या लायब्ररीत काउंटरवर बसते, गेली बरीच वर्षं. समाजशास्त्राच्या मुलांना सांस्कृतिक मानवशास्त्राचा पेपर असतो, त्यात एक असाइनमेंट असतं की महाराष्ट्रातली कुठलीही एक प्रथा घ्या, तिच्यावर किमान आठ "स्कॉलर्ली सोर्स" शोधा आणि त्यावर लिहा. मुलं येतात, कॉम्प्युटरवर "वारी" टाइप करतात, दोन अभंगांची पुस्तकं आणि एक प्रवासवर्णन दिसतं, की लगेच माझ्याकडे. मटेरियलच नाहीये.

अलीकडे त्यात आणखी एक भर पडलीय. वन नेशन वन सबस्क्रिप्शन नावाची केंद्र सरकारची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, त्यामुळे सगळ्यांना वाटतंय की आता सगळं फुकट झालं, एक बटण दाबलं की जगातलं सगळं ज्ञान पीडीएफमध्ये. असं नाहीये. का नाहीये ते पुढे सांगते, आधी मुळातली गोष्ट.

आधी हे स्कॉलर्ली म्हणजे काय ते बघू

साधं आहे. वारीला जाऊन आलेल्या माणसाने फेसबुकवर लिहिलं ते एक. आणि एखादी संशोधक दिंडीबरोबर चालली, बायकांशी बोलली, कोण कुणाबरोबर जेवतं हे टिपून ठेवलं, मग आधी इतरांनी काय लिहिलंय त्याच्याशी ताडून पाहून लेख लिहिला, तो लेख छापण्याआधी त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांनी वाचून "हे पटत नाही, हे नीट कर" असं म्हणून परत पाठवला आणि मग छापला, ते दुसरं. या शेवटच्या चाळणीला पीअर रिव्ह्यू म्हणतात. आणि असे लेख जिथे नियमित छापतात ते जर्नल. लोकांमध्ये राहून केलेल्या अशा अभ्यासाला आणि त्यावरच्या लिखाणाला एथ्नोग्राफी म्हणतात. मानवशास्त्राच्या पेपरात जीव असतो तो यात.

एवढे तीन शब्द पुरेत. बाकीचे शब्द सिलॅबसमध्ये छान दिसतात म्हणून असतात असं माझं प्रामाणिक मत आहे.

मग "वारी" टाकून काही सापडत का नाही?

आपल्याकडे पूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलायचे ना, माहेरची कुसुम सासरी जाऊन सुनंदा व्हायची. आता समजा तुम्हाला कुसुमआत्याला शोधायचंय आणि तुम्ही तिच्या सासरच्या गावात जाऊन "कुसुम कुठे राहते" विचारत फिरताय. कुणीच सांगणार नाही. आत्या मात्र तिथेच आहे, पलीकडच्या गल्लीत, पापड वाळत घालतेय. नाव दुसरं आहे एवढंच.

सोर्सचं तंतोतंत असं आहे. वारीवरचं मला माहीत असलेलं चांगलं लिखाण सांगते, नावं नीट बघा. इरावती कर्वे यांचा इंग्रजी लेख १९६२ मध्ये जर्नल ऑफ एशियन स्टडीजमध्ये आला, त्याचं नाव "ऑन द रोड: अ महाराष्ट्रीयन पिल्ग्रिमेज". गी डेल्यूरी या फ्रेंच माणसाचं १९६० मधलं पुस्तक, पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढलेलं, नाव "द कल्ट ऑफ विठोबा". दि. बा. मोकाशींचं १९६४ चं पुस्तक "पालखी". रा. चिं. ढेरे यांचं १९८४ चं "श्री विठ्ठल: एक महासमन्वय". व्हिक्टर टर्नर हा तीर्थयात्रांच्या अभ्यासातला जगातला मोठा मानवशास्त्रज्ञ, त्याने पंढरपूरबद्दल जिथे लिहिलंय त्या प्रकरणाच्या नावात पंढरपूरही नाही आणि विठ्ठलही नाही, नुसतं "पिल्ग्रिमेजेस अ‍ॅज सोशल प्रोसेसेस".

पाचांपैकी एकाच्याही नावात "वारी" हा शब्द नाही. आता कॉम्प्युटर बिचारा काय करणार.

म्हणून पहिलं काम सर्च बॉक्सवर नाहीच, वहीवर आहे. तुमच्या विषयाची जितकी नावं असू शकतात तितकी लिहून काढा. वारी, यात्रा, पालखी, दिंडी, तीर्थयात्रा, पिल्ग्रिमेज, विठोबा, विठ्ठल, पांडुरंग, वारकरी, भक्ती, पंढरपूर. मग इंग्रजी स्पेलिंग, वारी व्हीने पण लिहितात आणि डब्ल्यूने पण. वारली घेतलं असेल तरी तेच, के. जे. सावे यांचं १९४५ चं पुस्तक डब्ल्यूने आहे, इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे त्यांनी काढलेल्या जिल्ह्यांच्या सरकारी माहितीपुस्तकांत, व्हीने आणि वर अक्षरांवर मात्रा. गावांची जुनी नावं पण लिहा, पुण्याचं पूना, ठाण्याचं थाना, सोलापूरचं शोलापूर. पंढरपूरच्या देवळाचं, बडव्यांचं, यात्रेचं भरपूर वर्णन बॉम्बे गॅझेटियरच्या १८८४ च्या शोलापूर खंडात आहे, आणि मागच्या वर्षी एक मुलगी दोन दिवस "सोलापूर गॅझेटियर" शोधत होती आणि तो खंड नाहीये असं सरांना सांगून पण आली.

ही यादी करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास द्यायला कुणी तयार नसतं, आणि नंतर तीन दिवस वाया गेलेले चालतात.

बरं, पण पुस्तक रॅकवर कुठे असतं?

इथे खरी गंमत आहे, इथे मी जरा जास्त बोलणार आहे.

बहुतेक लायब्ऱ्यांत पुस्तकांना विषयाप्रमाणे नंबर देतात, ड्युई डेसिमल नावाची पद्धत आहे. भाजी मंडईसारखं समजा, पालेभाज्या एकीकडे, कांदे-बटाटे एकीकडे. संस्कृती, कुटुंब, लग्नसंस्था हे ३०६ मध्ये. चालीरीती, सण, लोककथा ३९० पासून पुढे. हिंदू धर्म २९४.५. मराठी साहित्य ८९१.४६.

आता वारी कुठे ठेवाल? डेल्यूरीचं पुस्तक धर्मात गेलं, २९४.५. चालीरीतींवरचं एखादं ३९० च्या रॅकवर. आणि इरावतीबाईंचा तो वारीवरचा लेख मुळात मराठीत आहे, "वाटचाल" नावाचा, "परिपूर्ती" या त्यांच्या लेखसंग्रहात. परिपूर्ती आमच्याकडे आहे मराठी ललितमध्ये, कवितासंग्रहांच्या शेजारी! म्हणजे देशातल्या एका मोठ्या मानवशास्त्रज्ञ बाईंचा वारीवरचा महत्त्वाचा लेख मानवशास्त्राच्या रॅकपासून दोन खोल्या लांब. मोकाशींची पालखी पण तिकडेच. यात ग्रंथपालाची चूक नाही बरं का, पुस्तक एकच आणि जागा पण एकच, कुठेतरी ठेवायला लागतंच. पण रॅकवर उभं राहून "इथे काही नाही" म्हणणारा मुलगा का चुकतो ते कळलं ना.

आणखी एक. जुन्या लायब्ररीत ५७२ नंबरच्या कपाटाकडे जाऊन बघा. ड्युईच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये ५७२ म्हणजे मानववंश, त्यामुळे आदिवासींवरची जुनी पुस्तकं कित्येक ठिकाणी अजून तिथेच आहेत. नव्या आवृत्तीत ५७२ म्हणजे बायोकेमिस्ट्री. म्हणजे कातकऱ्यांवरचं १९३४ चं वेलिंगांचं पुस्तक एन्झाइमच्या पुस्तकांना खेटून उभं असू शकतं. माणसांच्या अभ्यासाचं पुस्तक जीवशास्त्राच्या घरात का होतं, हा सुद्धा मानवशास्त्राचाच प्रश्न आहे, त्या काळी माणसांची डोकी आणि नाकं मोजून वंश ठरवायची पद्धत होती त्याचा तो उरलेला पुरावा. असो, मी ग्रंथालयवाली, हे तुमचे सर सांगतील.

उपाय काय, तर एक पुस्तक सापडलं की कॅटलॉगमध्ये त्याची पूर्ण नोंद उघडा. खाली "विषय" म्हणून एक ओळ असते, बहुतेक वेळा इंग्रजीत, उदाहरणार्थ "हिंदू पिल्ग्रिम्स अँड पिल्ग्रिमेजेस". ते त्या पुस्तकाचं सासरचं नाव. त्यावर क्लिक करा, रॅक कुठलाही असो, त्या विषयाची सगळी एकदम समोर येतात.

एक सापडलं, बाकी सात कुठून आणू?

आळंदीच्या पालखीत दिंड्या कशा असतात बघा, काही रथापुढच्या, काही रथामागच्या, आणि प्रत्येकीला नंबर. तुम्हाला सापडलेला चांगला लेख म्हणजे रथ समजा. लेखाच्या शेवटी संदर्भयादी असते, म्हणजे हा लेख लिहिताना लेखकाने आधीचं कुणाकुणाचं वाचलं, त्या रथापुढच्या दिंड्या. आणि हा लेख छापून झाल्यावर पुढे कुणी कुणी त्याचा उल्लेख केला त्या रथामागच्या. त्या बघायला गूगल स्कॉलरवर, म्हणजे अभ्यासाचे लेख शोधायच्या गूगलच्या साइटवर, लेखाच्या खाली "साइटेड बाय" लिहिलेलं असतं तिथे क्लिक करायचं, बास.

इरावतीबाईंचा १९६२ चा लेख रथ म्हणून घ्या. मागे चालत गेलात की टर्नर भेटतो. टर्नरचं म्हणणं साधारण असं की यात्रेत माणसं रोजची उतरंड काही काळ विसरतात, एक प्रकारचा बंधुभाव तयार होतो. आणि इरावतीबाईंनी काय पाहिलं होतं? त्यांच्या दिंडीत ब्राह्मण बायका आणि मराठा बायका बरोबर चालत होत्या, अभंग एकत्र म्हणत होत्या, पण स्वयंपाक आणि पंगत वेगळी. त्यांना ते खटकलं आणि त्यांनी ते लिहिलं. आता बघा, तुमच्यासमोर दोन सोर्स आहेत आणि ते एकमेकांशी भांडतायत. असाइनमेंटचा प्रश्न आपोआप तयार झाला की! "वारी: एक सांस्कृतिक अभ्यास" असल्या नावाच्या फाइली वाचून सर पण कंटाळलेत, हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय.

अशीच दुसरी सोय शोधगंगा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या लायब्ऱ्यांसाठीच्या सरकारी केंद्राची वेबसाइट आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, मराठीतले पण. प्रबंध सगळेच चांगले असतात असं नाही, काही तर वाचवत नाहीत. पण कुठल्याही प्रबंधात आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारं एक प्रकरण असतं आणि शेवटी संदर्भसूची, तेवढं उघडा. कुणीतरी तीन-चार वर्षं घालवून केलेली यादी तुम्हाला तयार मिळते. मात्र त्यातली पुस्तकं स्वतः उघडून बघायची, यादीवरून यादी उतरवायची नाही, तसं केलेलं लगेच कळतं कारण टायपिंगच्या चुका पण तशाच उतरतात.

आता ते वन नेशन वन सबस्क्रिप्शन

जर्नलं महाग असतात, एका कॉलेजला परवडत नाहीत. म्हणून सरकारने सोसायटीच्या टँकरसारखं केलं, प्रत्येक घराने वेगळं पाणी विकत घेण्याऐवजी एकदाच मोठा सौदा. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं, आणि ६,३०० च्या वर संस्थांना प्रवेश.

पण दोन गोष्टी. एक, हे केंद्र आणि राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी आहे. खासगी कॉलेजवाल्यांनी आपण यात आहोत का हे आधी आपल्या ग्रंथपालांना विचारा, मोबाइलवर लिंक उघडत नाही म्हणून योजनेला शिव्या देण्यात अर्थ नाही. दुसरी, यात जर्नलं आहेत, सगळ्या जगातली पुस्तकं नाहीत. आणि मानवशास्त्रातलं मोठं काम बऱ्याचदा अख्ख्या पुस्तकाच्या रूपात येतं, वर्षानुवर्षं गावात राहिलेला माणूस वीस पानांत काय सांगणार. शिवाय मराठीतलं काही त्या सौद्यात शोधायला जाऊ नका.

आपल्याकडे प्रवेश नसेल तरी मार्ग आहेत. जेस्टोर या जर्नलांच्या वेबसाइटवर फुकट खातं काढून जुन्या जर्नलांमधले बरेच लेख ऑनलाइन वाचता येतात. इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या फुकट वेबसाइटवर गॅझेटियर आणि एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याचे "ट्राइब्ज अँड कास्ट्स ऑफ बॉम्बे" चे तीनही खंड, १९२० ते २२ मधले, पडलेले आहेत. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, सुरुवात तिथून करा असं मी नेहमी सांगते, नोंद छोटी असते पण कुठली नावं, कुठले शब्द, कुठला काळ ते दहा मिनिटांत कळतं. सोर्स म्हणून मात्र तेवढ्यावर थांबायचं नाही.

आणि चालत जायचा कंटाळा नसेल तर पुण्यात डेक्कन कॉलेज आहे, इरावतीबाई जिथे शिकवत होत्या तेच. गोखले इन्स्टिट्यूटची लायब्ररी आहे. आदिवासींवर काम असेल तर आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. मुंबईत एशियाटिक सोसायटीची लायब्ररी, गोव्यात पणजीची सेंट्रल लायब्ररी, जी १८३२ ची आहे. बहुतेक ठिकाणी कॉलेजचं पत्र आणि आयकार्ड लागतं, ते आधी घेऊन ठेवा, दारातून परत आलेल्या मुलांचे फोन मला येतात.

"पण गॅझेटियर तर इंग्रजांनी लिहिलंय, त्यावर विश्वास कसा ठेवायचा?"

चांगला प्रश्न, आणि हा विचारणारा मुलगा पुढे जातो. घरमालकाने भाडेकरूंबद्दल लिहिलेली वही समजा. कोण किती माणसं, कधी आले, काय धंदा, हे त्यात बरंच बरोबर असेल. पण "भांडखोर, अस्वच्छ" असं लिहिलं असेल तर ते भाडेकरूबद्दल कमी आणि मालकाबद्दल जास्त सांगतं. १८७१ चा क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट आठवा, त्या कायद्याखाली कितीतरी जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं, आणि त्या काळातल्या सरकारी पुस्तकांमधली वर्णनं त्याच नजरेतून केलेली आहेत. म्हणून वापरायचं ते "इंग्रज प्रशासनाने असं लिहिलं" असं म्हणून, "हे लोक असे होते" असं म्हणून नाही.

आणि समोर दुसरी बाजू ठेवायची. लक्ष्मण माने यांचं "उपरा" १९८० चं, लक्ष्मण गायकवाड यांचं "उचल्या" १९८७ चं, ही आतून लिहिलेली आत्मकथनं आहेत. ती पीअर रिव्ह्यूवाली नाहीत, त्यामुळे आठाच्या यादीत चालतील का ते सरांना विचारा, पण त्यांच्याशिवाय तुमचं लिखाण लंगडं राहील.

वारीचं सांगायचं तर जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आता पारी या वेबसाइटवर ऐकता पण येतात. विठ्ठलाला भाऊ, बाप, माहेर म्हणणाऱ्या बायका तिथे भेटतात. ज्या बाईने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही तिचं म्हणणं सोर्स म्हणून मिळतंय, हे मला जर्नलातल्या कुठल्याही लेखाएवढंच मोलाचं वाटतं, कुणाला पटो न पटो.

"एवढं कशाला, एआयला विचारलं की झालं!"

विचारा की. शब्दांची यादी करायला, इंग्रजी लेखाचा अंदाज घ्यायला मी पण वापरते. पण सोर्सची यादी मागितलीत तर सांभाळून. ते यंत्र कॅटलॉग उघडून बघतंच असं नाही, बऱ्याच वेळा वाक्यात पुढे कुठला शब्द शोभेल असा अंदाज बांधत जातं, त्यामुळे लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं, आणि लेख कधीच न लिहिला गेलेला असं होतं. मागच्या सेमिस्टरला एका मुलाच्या नऊ सोर्समधले तीन जगात कुठेच नव्हते. त्यातला एक तर इरावतीबाईंच्या नावावर होता, साल त्यांच्या मृत्यूनंतरचं.

तपासायला पाच मिनिटं लागतात. नाव अवतरणचिन्हात टाकून गूगल स्कॉलरवर बघा, मग त्या जर्नलच्या साइटवर तो अंक उघडून तेवढ्या पानांवर तोच लेख आहे का ते बघा. नसेल तर यादीतून काढा, "नंतर सापडेल" म्हणून ठेवू नका.

मग थांबायचं कधी?

नवीन लेख उघडला आणि त्याच्या संदर्भयादीतली बहुतेक नावं तुमच्या ओळखीची निघाली की पुरे. वारीच्या बाबतीत कर्वे, डेल्यूरी, ढेरे, टर्नर ही नावं फिरून फिरून येऊ लागली की समजायचं आपण मुक्कामाला पोचलो, आता लिहायला बसा.

आणि एक विनंती. झेरॉक्स काढायच्या आधी पुस्तकाच्या आतल्या पहिल्या पानाचा फोटो काढा, मागच्या बाजूचा पण, साल आणि प्रकाशक तिथे असतो. नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला मेसेज येतो, "मॅडम, ते निळं पुस्तक होतं ना, त्याचं नाव काय हो?" निळी पुस्तकं आमच्याकडे चार कपाटं आहेत.